आधी स्लीव्ह, मग थिंबल

उंदरांबद्दल मी आजवर कधी चांगलं बोललो नाही, पण या एका बाबतीत त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत.

माझी जुनी गाडी दोन वर्षं तांड्याच्या खालच्या अंगाले निंबाखाली उभी होती. गाडी म्हणजे ट्रक. ट्रक चालवणारा माणूस ट्रकले ट्रक म्हणत नाही. बायको गेली तेव्हापासून मी गाडीचं दार उघडलं नव्हतं. एक दिवस बॅटरी लावून चावी फिरवून पाहिली, तर ना लाइट ना हॉर्न. डॅशबोर्डाच्या मागे हात घातला, तर मुठीत रबराचे तुकडे अन् लेंड्या. सारं वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. मले राग लवकर येते, पाहिजे तर आमच्या तांड्याजवळच्या नेरच्या बसस्टँडवर कुणालेही विचारा. पण त्या दिवशी मी एकटाच खदखदून हसलो. शेजारचा म्हातारा उठून पाहायले आला, की याचं डोकसं फिरलं का काय. डोकसं जागेवर होतं. मले बहाणा सापडला होता.

त्याच आठवड्यात कापूस बाजारात एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं, की लोहाऱ्याचा मिस्त्री दुकान बंद करून नागपूरले पोरीकडे चालला, कायमचा. हाताले कंप सुटला, काम होत नाही. "शुक्रवारी जाऊन राह्यला," म्हणे. मी म्हणलं, "जाऊ दे ना. मले काय त्याचं?" अन् चहा अर्धा टाकून उठलो.

या मिस्त्रीशी मी अठरा वर्षं बोललो नव्हतो. अठरा वर्षांआधी माझ्या गाडीले आग लागली, अन् मी साऱ्या ट्रक लाइनसमोर त्याचं खापर मिस्त्रीवर फोडलं. म्हणलं, याच्या वायरिंगनं गाडी जळली. ते खोटं होतं. चूक माझी होती, अन् हे मले त्याच दिवशी माहीत होतं. आता हे त्याच्या तोंडावर सांगायले माझ्याजवळ शुक्रवारपर्यंतचा वेळ उरला होता. नागपूरले जाऊन, त्याच्या पोरीच्या घराची घंटी वाजवून मी हे सांगीन असं मले वाटत नव्हतं. मी माझ्या स्वतःले चांगला ओळखतो.

पण तो माझा कोण होता ते आधी सांगतो.

लोहारा म्हणजे यवतमाळच्या कडेचा कारखान्यांचा भाग. कुंपणाबाहेर रस्त्याले लागून ट्रकांची लाइन, अन् तिथं वळणावरच मिस्त्रीचं टिनाचं दुकान. इंजिनाले तो हात लावत नव्हता. फक्त वायरिंग. दुकानात एक लांबरुंद लाकडी फळी होती, तिच्यावर खिळे ठोकलेले. नवीन वायरिंग करायचं असलं की तो लाल, काळ्या, हिरव्या वायरी त्या खिळ्यांमधून फिरवत न्यायचा, जसा गाडीतला रस्ता तसाच फळीवर रस्ता. मग साऱ्या वायरी टेपनं बांधल्या की झाली एक जुडी, सरळ गाडीत टाकायची. मी तेव्हा कापसाच्या गाठी भरून कुठं कुठं जायचो, अन् येता-जाता त्या वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचो. तो आतूनच शिवी द्यायचा. शिवी ऐकू आली नाही तर मले दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं.

तो मले नायक म्हणायचा. आमच्या तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, दुसराच होता, मी साधा ड्रायव्हर माणूस. "पण तुझा आवाज नायकाचा आहे," तो म्हणायचा. "न ऐकता बोलतो."

त्याचं काम पाहायले मले लय आवडायचं. वायर कुठंही जोडायची तर तिच्या टोकाले एक बारकी पितळेची टोपी बसवा लागते, तिले थिंबल म्हणतात. आधी टोकाचं रबर छिलायचं, तांब्याच्या तारा बोटांनी एकत्र वळायच्या, थिंबलात घालायच्या अन् पक्कडीनं दाबायचं. जास्त दाबलं तर आतल्या तारा तुटतात. कमी दाबलं तर गाडीच्या धक्क्यांनी वायर निसटते. अन् हे सारं करायच्या आधी वायरीत स्लीव्ह ओवून ठेवायची. स्लीव्ह म्हणजे रबराची पातळ नळी, ती नंतर सरकवून थिंबलावर झाकण म्हणून आणायची. थिंबल आधी दाबलं की मग स्लीव्ह वरून जात नाही. मग तोडा ते टोक, टाका थिंबल फेकून, अन् करा पहिल्यापासून. हे प्रत्येक जण कधी ना कधी विसरते. मी रोज विसरायचो. माझी गाडी दुकानात असली की तो मलेही पक्कड धरायले लावायचा, अन् दर दोन थिंबलांमागे ओरडायचा, "आधी स्लीव्ह बे, आधी स्लीव्ह!"

अन् त्याची एक रीत होती, जी मी दुसऱ्या कोणत्याच दुकानात पाहिली नाही. थिंबल दाबलं की तो ती वायर गाडीच्या मालकाच्या हातात द्यायचा अन् म्हणायचा, "खीच." मालकानं जोर लावून ओढायचं. थिंबल हातात आलं तर मिस्त्री निमूट दुसरं दाबणार. नाही आलं तर पुढची वायर. शंभर थिंबलं असली तर शंभर वेळा. ड्रायव्हर लोक कंटाळायचे, पण त्याचं वायरिंग रस्त्यात कधी दगा देत नाही म्हणून मुकाट्यानं ओढायचे. मी मात्र कधीच ओढलं नाही. वायर हातात घ्यायचो अन् तशीच परत द्यायचो.

"खीच ना बे!"

"तुझं काम कायले ओढून पाहू?"

त्याले ते आवडायचं. तोंड वाकडं करायचा, पण आवडायचं.

बायको बऱ्याचदा माझ्यासोबत असायची. आमची लोकं एकेकाळी बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरणारी. आजा सांगायचा, की पुढच्या बैलाच्या अंगावर आरशांची झूल असायची. बैल गेले, तांडे एका जागी बसले, शेती आली. माझ्या पायातलं फिरणं काही गेलं नाही, म्हणून मी गाडी घेतली, अन् बायकोनं तिच्या याडीची, म्हणजे आईची, आरसे लावलेली जुनी टुकरी कॅबिनमध्ये समोरच्या काचेच्या वर बांधली. टुकरी म्हणजे आमच्या बाया डोक्यावरून घेतात तो कपडा. तिच्या काठाले ओळीनं बारके बारके आरसे होते. सकाळच्या उन्हात कॅबिनभर टिकल्या पडायच्या. मी म्हणायचो, डोळ्यावर येते, काढ. ती म्हणायची, बैलाले चालत होतं, तुमाले काय झालं?

दुकानात आली की ती बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर बसायची अन् बोलता बोलता कैचीनं स्लीव्हचे तुकडे कापून द्यायची. मिस्त्री तिले भाभी म्हणायचा. दुपारी डबा सोडायची, ज्वारीच्या भाकरी अन् लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी. मिस्त्रीले त्या भाजीचं वेड होतं. शेवटी त्याच्या घरच्या बाईनं माझ्या बायकोकडून ती भाजी शिकून घेतली. अन् बायकोनं त्याच्याकडून "आधी स्लीव्ह" उचललं. घरी मी पूर्ण न ऐकता ओरडायले लागलो, की ती चुलीजवळून शांतपणे म्हणायची, "आधी स्लीव्ह." मले हसू यायचं अन् राग वाया जायचा. असे दिवस होते ते.

मग तो हिवाळा आला. मिस्त्रीनं माझ्या गाडीले नवीन वायरिंग करून सहा महिने झाले होते. एका कच्च्या रस्त्यावर डाव्या हेडलाइटची वायर झुडपात अडकून तुटली. दिवस बुडत होता. मी दातांनी रबर सोललं अन् दोन्ही टोकांले पीळ मारला. टेप नव्हती. बायकोनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं अन् टुकरीचा काठ टरकन फाडला. आरशांसकट ती चिंधी त्या जोडावर गुंडाळली, गाठ मारली. लाइट लागला.

"उद्या मिस्त्रीले दाखवा हे," ती म्हणाली.

"हाव," म्हणलं.

तो उद्या दोन महिने आला नाही. लाइट लागत होता ना, मग कोण थांबते? त्या वळणावरून मी कितीदा गेलो, दोनदा हॉर्न वाजवला अन् पुढं निघालो. ती दरवेळी म्हणायची, अन् मी दरवेळी म्हणायचो, येताना दाखवू.

कळंबच्या रस्त्यावर भर दुपारी बोनेटमधून धूर निघाला. गाडीत कापसाच्या गाठी होत्या. मी उडी मारली, रस्त्यावरची माणसं धावली, हातांनी माती टाकून टाकून आग विझवली. माल वाचला. कॅबिनचा पुढचा भाग अन् सारं वायरिंग कोळसा झालं. आग कुठून लागली ते मी पाहिलं. डाव्या हेडलाइटजवळ सर्वांत जास्त जळलं होतं. सैल जोड तापला होता अन् ऑइल प्यालेल्या चिंधीनं पेट घेतला होता. हे कळायले काही मिस्त्री असावा लागत नाही.

पण भोवती माणसं जमली होती, अन् एकानं विचारलं, "वायरिंग कोणाचं?" माझ्या तोंडातून मिस्त्रीचं नाव निघून गेलं. एकदा निघाल्यावर मग मी त्यालेच धरून बसलो. जळालेली जुडी खांद्यावर टाकून दुसऱ्या गाडीनं तसाच लोहाऱ्याले गेलो. दुकानासमोर पाच-सहा गाड्या उभ्या होत्या, ड्रायव्हर चहा पीत होते. मी ती जुडी त्याच्या पायाजवळ फेकली.

"हे घे तुझं काम! माणसं मारशील तू एखाद्या दिवशी!"

तो खाली बसला, जुडी उलटीपालटी केली. एका जागी त्याचं बोट थांबलं. तिथली काजळी त्यानं अंगठ्यानं पुसली, लय वेळ पाहिलं. मग वर मान करून म्हणाला,

"भाभी ठीक आहे ना?"

मी आणखीनच पेटलो. मले वाटलं, गोष्ट बदलून राह्यला. "तिचं नाव काढू नको," म्हणलं अन् निघून आलो.

त्यानंतर त्याचं गिऱ्हाईक तुटलं. ट्रक लाइनमध्ये अशी गोष्ट पसरायले वेळ लागत नाही. मी ते ऐकत होतो अन् गप्प होतो. गाडी मी दुसऱ्या दुकानातून नीट करून घेतली, अन् त्या वळणावर मान दुसरीकडं करून पळवायचो. हॉर्न बंद झाला. दरवर्षी पोळ्याच्या सुमारास बायको म्हणायची, "मिस्त्रीले भेटून या ना एकदा." मी डोळे वटारायचो. ती ताट वाढायची. "आधी स्लीव्ह" तिनं पुन्हा कधी म्हणलं नाही. मी वाट पाहायचो, ओरडता ओरडता मध्येच थांबायचो, की आता म्हणन. नाही म्हणायची. दोन वर्षांआधी तापानं गेली. चार दिवसांत.

तर उंदरांच्या कृपेनं मंगळवारी सकाळी मी गाडी ट्रॅक्टरले बांधून लोहाऱ्याले नेली.

मिस्त्री दुकानाच्या दारात बसला होता. अर्धं सामान पोत्यात भरलेलं. दाढी पांढरी झाली होती, अन् दोन्ही हात मांडीवर आपोआप हलत होते, जसं कोणी दळून राह्यलं. त्यानं मले पाहिलं, गाडी पाहिली, पुन्हा मले पाहिलं.

"आला नायक," म्हणाला. बस. जणू मी काल गेलतो.

"उंदरांनी खाल्लं सारं," मी म्हणलं.

"माझे हात गेले बे. तुझे कामाचे आहेत का अजून?"

असं ठरलं, की तो बसून सांगणार अन् मी करणार. फळी अजून होती, खिळेही होते. तो बोट दाखवायचा. बोट थरथरायचं, त्यामुळं तीन खिळ्यांपैकी कोणता ते कळायचं नाही. "हा?" "नाही बे." "हा?" "तुझ्या डोळ्यालेही उंदीर लागले का?" मी वायर छिलली, थिंबल घातलं, दाबलं अन् तयार झालेली पहिली वायर त्याच्यापुढं धरली. आता मालक मी अन् मिस्त्रीही मीच, मग ओढून कोण पाहणार? त्यानं आपला हलता हात पुढं केला, वायर धरली अन् खचकन ओढली. थिंबल त्याच्या हातात आलं. हात हलत होता, पण ओढ काही कमी झाली नव्हती. दुपारपर्यंत माझी अकरा थिंबलं त्यानं अशी उपटली. स्लीव्ह किती वेळा विसरलो ते मोजलंच नाही.

दुपारी त्यानं पिशवीतून डबा काढला. "जेव."

"भूक नाही."

"नायक, जेवून घे."

"नाही म्हणलं ना!"

ज्या माणसाच्या पोटावर पाय दिला, त्याले खरं सांगितल्याशिवाय त्याची भाकर घशाखाली कशी उतरन? पण हे बोलायले तोंड उघडलं की तोंडातून निघायचं, "हिरवी वायर संपली." त्यानं डबा तसाच पिशवीत ठेवला. त्यानंही खाल्लं नाही. मले राग आला, की हा म्हातारा माझ्यापायी कायले उपाशी राह्यते?

बुधवारी तसंच. माझा हात जरा बसला. थिंबल दाबताना तारांनी जागा धरली, की पक्कडीतून हाताले कळते, ते मले कळायले लागलं. तो ओढायचा अन् थिंबल तिथंच राहायचं. तो खोक्याकडं पाहून म्हणाला, "भाभीचं कळलं मले." मी म्हणलं, "हं." ते बॅटरीचं खोकं तिथंच होतं, त्याच कोपऱ्यात, रिकामं. मिस्त्रीनं त्याच्यावर काही ठेवलेलं नव्हतं, साऱ्या दुकानात तेवढीच जागा मोकळी. आता बोल, मी स्वतःले म्हणत होतो, आता बोल ना भैताडा. अन् पुन्हा डबा निघाला, पुन्हा मी नाही म्हणलं. बस पकडून नेरले परत गेलो, साऱ्या रस्त्यानं स्वतःले शिव्या देत.

गुरुवार उजाडला. जुडी गाडीत बसली. फळी मोकळी झाली. दुपार होता होता एकच वायर राह्यली, डाव्या हेडलाइटची. मी बोनेटखाली वाकलो होतो, तो बाजूले स्टुलावर. मी टोक छिललं, थिंबल घातलं, दाबलं, अन् दाबता दाबता, त्याच्याकडं न पाहता, बोलून टाकलं.

"तो जोड माझा होता. इथलाच. वायर तुटली होती, मी हातानं पीळ मारला होता. तुझं वायरिंग जळलं नाही, माझा जोड जळला. मले तेव्हाच माहीत होतं. खोटं बोललो मी, साऱ्यांसमोर."

मी वायर हातात धरून उभा. घाम डोळ्यात गेला तरी पुसला नाही.

"स्लीव्ह कुठं आहे?" तो म्हणाला.

"काय?"

"स्लीव्ह. विसरला ना?"

"अबे, मी काय सांगून राह्यलो अन् तुले स्लीव्हची पडली!"

"तोड ते."

मी तोडलं. स्लीव्ह ओवली, नवीन थिंबल घातलं, दाबलं. त्यानं वायर धरली अन् ओढली. थिंबल पक्कं होतं.

"आरसा होता त्यात," तो म्हणाला. "त्या दिवशी तू जुडी फेकली ना, तिच्यात. वितळलेल्या रबरात बारका आरसा रुतलेला. तुझ्या कॅबिनची टुकरी मी काय कमी पाह्यली होती? तेव्हाच कळलं, जोड कोणाचा अन् चिंधी कोणाची."

म्हणून त्यानं विचारलं होतं. भाभी ठीक आहे ना.

"मग बोलला काहून नाही?" मी ओरडलो. खरंच ओरडलो, त्याच्यावर, मी, माफी मागायले आलेला माणूस. "सारे लोक होते तिथं! तोंडावर मारायचं होतं माझ्या!"

"मारणारच होतो. नेरले येऊन तुझी गचांडी धरणार होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं भाभी आल्या."

मले काही समजलं नाही. तो खोक्याकडं पाहत होता.

"तिथं बसल्या. लय रडल्या. म्हणे, मिस्त्री, चिंधी मी बांधली, मी साऱ्यांले सांगते, त्यायलेही इथं यायले सांगते. मी म्हणलं, नका सांगू भाभी. तुमच्या सांगण्यानं तो आला, तर जनमभर तुमच्यावर धुसफुस करन. त्याले स्वतःहून येऊ द्या. माझा दोस्त आहे, राग उतरला की येते. आठ दिवस. फार झालं तर पंधरा." तो जरा हसला. "माझा हिशोब चुकला."

"मग?"

"मग काय. दरवर्षी पोळ्याचा बाजार करायले यवतमाळले यायच्या, तेव्हा इथं थांबायच्या. आले का, विचारायच्या. मी म्हणायचो, येईल तो. त्या म्हणायच्या, मी पण सांगून पाहते. अन् जायच्या."

पोळ्याच्या सुमारास. ताट वाढता वाढता. भेटून या ना एकदा.

"तो आरशाचा तुकडा कुठं आहे?" मी विचारलं. मले तो पाहिजे होता. एवढा पाहिजे होता, की मी हात पुढं केला.

"अबे, अठरा वर्षं कोण ठेवते? गेला भंगारात."

मी तसाच बंपरवर बसलो. माझी बायको माझ्या घरात, माझ्या शेजारी, सोळा वर्षं माझी वाट पाहून राह्यली होती, अन् मी रोज संध्याकाळी घरी येऊनही तिच्यापर्यंत पोहोचलो नव्हतो. दोन वर्षं उशीर झाला. फक्त दोन वर्षं. उंदरांनी थोडी घाई केली असती तर. मी रडलो, मोठ्यानं रडलो, ट्रक लाइनमधले लोक पाहत होते तरी.

मिस्त्री उठून आत गेला अन् डबा घेऊन आला. झाकण त्याले उघडत नव्हतं, हात हलत होते. मी घेतला.

"शेवटी आल्या तेव्हा थकलेल्या होत्या," तो म्हणाला. "उठता उठता म्हणाल्या, मिस्त्री, मी असो नसो, ते येतील. आले की उपाशी नका पाठवू. ते लाजतील, भूक नाही म्हणतील, ओरडतील. तरी जेवू घाला."

मी झाकण उघडलं. ज्वारीच्या भाकरी होत्या, अन् लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी. तीन दिवस तेच आणत होता तो.

मी जाऊन खोक्यावर बसलो, त्याले स्टुलावर बसवलं, डबा मध्ये ठेवला. एक घास त्याच्या हातात दिला, एक मी घेतला. भाजी अगदी तिच्या हातची नव्हती, मीठ जरा जास्त होतं. आम्ही दोघांनी सारा डबा संपवला.